गोळी दिवसाआड घेतली तर हात दुखायचे थांबतील का?

प्रश्न : मॅडम, माझं वय 58. मागच्या वर्षी डाव्या बाजूच्या ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं, ते सगळं निभावलं. आता लेट्रोझोल 2.5 ची रोज एक गोळी चालू आहे, पाच वर्षं घ्यायची आहे. दोन महिने बरे गेले आणि मग हातांचं सुरू झालं. सकाळी मुठीच वळत नाहीत, दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नाही, उजव्या हाताचं मधलं बोट अडकतं आणि टक करून सुटतं. खाली बसलं की उठताना गुडघ्यांना कुणीतरी धरावं लागतं. घरातले म्हणतात वय झालं, संधिवात असेल. शेजारच्या काकूंनी एक पुडी आणून दिलीय, तिने दोन दिवसांत आराम पडतो म्हणे. गोळी दिवसाआड घेतली तर चालेल का? डॉक्टरांना विचारायचा धीर होत नाही, एवढा मोठा आजार बरा केला आणि मी हातपाय दुखतात म्हणून रडायचं का असं वाटतं.

उत्तर : ताई, आधी शेवटचं बोलू. हे रडणं नाही, हे सांगायचंच असतं. या गोळ्या घेणाऱ्या बायकांत जवळपास निम्म्या जणींना सांधे धरल्याचा त्रास होतो आणि त्यातल्या कितीतरी जणी कुणाला न सांगता गोळी सोडून देतात, मला भीती वाटते ती याची.

पाळी गेल्यावरही शरीरात थोडं इस्ट्रोजेन बनत असतं, अंडाशयात नाही तर चरबीत, स्नायूंत, अ‍ॅरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळे. तुमचा कॅन्सर याच हार्मोनवर वाढणारा होता म्हणून लेट्रोझोल ते एन्झाइम बंद पाडतं, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन पण हेच काम करतात. इस्ट्रोजेन एकदम तळाला गेलं की सांधे आणि स्नायूंचे दोर कुरकुरायला लागतात. पहिल्या दोनतीन महिन्यांत सुरुवात, सकाळचा ताठरपणा, हातांची बोटं, मनगटं, गुडघे, दोन्ही बाजूंना, हे तुम्ही लिहिलंय ते अगदी तसंच आहे. बोट अडकणं म्हणजे ट्रिगर फिंगर, तेही यात दिसतं, रात्री हाताला मुंग्या येत असतील तर तेही सांगा, मनगटात नस दाबली जात असू शकते.

दिवसाआड घेऊ नका. पुन्हा कॅन्सर होऊ नये म्हणून ही गोळी आहे आणि तिचा फायदा रोजच्या डोसवर तपासलेला आहे. गोळी बदलता मात्र येते, आणि हेच पुष्कळ जणींना माहीत नसतं. डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवून बघतात, दुखणं उतरलं तर दुसरी सुरू करतात, एकीने त्रास झाला तरी दुसरी सोसते असं बऱ्याचदा होतं. नाहीच जमलं तर टॅमॉक्सिफेन या वेगळ्या प्रकारच्या हार्मोनच्या गोळीचा विचार करतात, तिचे धोके वेगळे, रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भाशयाच्या अस्तराचे आजार, म्हणून तो निर्णय तुमची फाइल समोर ठेवूनच व्हायला हवा.

आता व्यायाम. दुखतंय आणि ही बाई व्यायाम सांगतेय असं वाटेल, पण माझा सगळ्यात जास्त भर यावरच आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाने 121 बायकांवर अभ्यास केला, 2015 मध्ये छापला, आठवड्याला 150 मिनिटं भराभर चालणं आणि दोनदा वजनं घेऊन व्यायाम, वर्षभरात त्यांचं दुखणं सरासरी 29 टक्क्यांनी कमी झालं आणि व्यायाम न करणाऱ्या गटात काही फरक पडला नाही. तुम्ही दहा मिनिटांपासून सुरू करा. सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघडझाप करा, मग कामाला लागा. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने वजन उचलायचं ते फिजिओथेरपिस्टला दाखवून, हळूहळू वाढवत.

व्हिटॅमिन डी, थायरॉइड आणि हाडांची डेक्सा तपासणी झाली नसेल तर करून घ्या, या गोळ्यांनी हाडं विरळ होतात. पॅरासिटामॉल कधीमधी चालतं, पण मेडिकलमधून रोज पेनकिलर आणू नका, किडनी आणि पोट दोन्ही बिघडतात. आणि ती पुडी काकूंना प्रेमाने परत द्या, दोन दिवसांत आराम देणाऱ्या अशा पुड्यांमध्ये न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय.

एकाच जागी दुखतंय, रोज वाढतंय, रात्री झोपेतून उठवतंय, पाठीचं किंवा मांडीचं हाड दुखतंय, तर ते या गोळीचं समजून बसू नका, लगेच दाखवा. पाठदुखीबरोबर पायात जोर नाही किंवा लघवीवर ताबा नाही असं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : आईला अ‍ॅनास्ट्रोझोलने सांधे दुखतात म्हणून डॉक्टरांनी ड्युलोक्सेटिन दिलं. मेडिकलवाला म्हणाला हे डिप्रेशनचं औषध आहे. आईला वाटतं डॉक्टर तिला वेडी समजतात. काय करू?

उत्तर : आईंना सांगा, हेच औषध दुखण्यासाठीही देतात. याच गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या 299 बायकांवर त्याची तपासणी झालीय आणि नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा त्याने दुखणं जास्त कमी झालं. सुरुवातीला मळमळ होते, तोंड कोरडं पडतं, म्हणून जेवणानंतर द्या. थोडे आठवडे वाट बघा, आणि बंद करायचं असेल तर एकदम नको, डॉक्टर सांगतील तसं कमी करत. पुढे कधी अ‍ॅनास्ट्रोझोलच्या जागी टॅमॉक्सिफेन सुरू झालं तर ड्युलोक्सेटिन चालू असल्याचं आठवणीने सांगा, त्या दोघांचं एकमेकांशी नीट जमत नाही.