साध्या टाक्याच्या जुन्या मशीनला झिगझॅग अटॅचमेंट लावल्यावर टाका कमी-जास्त का येतो? सुई का तुटते?

तुमचं मशीन फक्त सरळ टाका घालणारं, जुनं. त्याला झिगझॅग अटॅचमेंट (नागमोडी टाका घालून देणारा जोडभाग) लावलंत, तर टाका मधेच रुंद, मधेच अरुंद येतोय आणि दोन सुया तुटल्या. आता सुईपट्टीचं भोक मोठं करून घ्यावं का, असं विचारलंय.

कृपा करून त्या भोकाला हात लावू नका. झिगझॅग मशीनमध्ये सुई डावी-उजवीकडे हलते, म्हणून तिथे लांबट भोक लागतं. तुमची सुई जागच्या जागी वर-खालीच होते. अटॅचमेंट हलवतं ते कापड. भोक मोठं केलंत तर पातळ कापड सुईबरोबर खाली ओढलं जाईल आणि चांगला सरळ टाकाही हातचा जाईल.

अटॅचमेंटच्या बाजूला चिमट्यासारखा दुतोंडी दांडा असतो. तो सुई आवळायच्या स्क्रूवर बसतो. सुईदांडा वर-खाली झाला की हा दांडा आतली चकती एकेक घर फिरवतो आणि अटॅचमेंटचा पाय (कापड दाबून धरणारा भाग) कापडाला धरून बाजूला सरकवतो. हे सरकणं सुई कापडाबाहेर असतानाच पूर्ण व्हायला हवं. सुई आत असताना कापड सरकलं की ती वाकते आणि खाली पट्टीवर आपटून तुटते.

आधी मापाची खात्री करा. मशीनचा शँक, म्हणजे पाय जिथे बसतो तो दांडा, ज्या मापाचा असेल त्याच मापाचं अटॅचमेंट लागतं. पाय खाली सोडून सुईपट्टीपासून पायाच्या स्क्रूच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. 12-13 मिमी भरलं तर लो शँक, 25 मिमीच्या आसपास असेल तर हाय शँक. सिंगर 15, 66, 99, 201, 221 ही सगळी मॉडेल्स लो शँक आहेत. सिंगर 301 ची सुई तिरकी, त्याचं अटॅचमेंट वेगळंच. माप चुकलं असेल तर पुढचं काहीही करून उपयोग नाही.

लावताना सुई सगळ्यात वर आणा, पाय उचला आणि नेहमीचा पाय काढून टाका. दुतोंडी दांडा सुईच्या स्क्रूवर घेतघेत अटॅचमेंट मागच्या बाजूने बसवा. पायाचा स्क्रू बोटांनी आवळून भागत नाही, पेचकसनेच आवळा. हादऱ्याने तो हमखास ढिला होतो. सुईचा स्क्रूही तपासा, कारण दांडा त्यालाच सतत हिसके देतो. तुमच्या सुया तुटण्यामागे मला पहिला संशय या दोन स्क्रूंचाच आहे. मग दोरा न ओवता चाक हाताने चार-सहा फेरे फिरवा आणि दोन्ही टोकांना सुई पायाच्या फटीच्या कडेला घासत नाही ना, ते डोळे जवळ नेऊन बघा.

सुईपट्टीतून वर येऊन कापड सरकवणारे दाते झाकू नका. काज करायचं अटॅचमेंट कापड मागे-पुढेही नेतं म्हणून तिथे दाते झाकतात. इथे कापड पुढे नेण्याचं काम दात्यांचंच आहे.

रुंदी कमी-जास्त होण्याचं कारण बहुतेक वेळा हात असतात. सवयीने आपण कापड घट्ट धरतो, मग अटॅचमेंट सरकवतं आणि हात अडवतो. कापडावर बोटं नुसती टेकवा, फक्त दिशा द्या. चादरीसारखं जड काम असेल तर त्याचा भार टेबलावर घ्या; लोंबतं कापड एका बाजूला ओढत राहतं. तरीही पाय कापडावरून घसरत असेल तर पायाचा दाब थोडा वाढवा. वेग मध्यमच ठेवा.

टाक्याची लांबी मोजताना एक लक्षात घ्या: सुई दोनदा खाली गेली की एक नागमोड पुरी होते. लांबी 1 मिमी ठेवलीत तर एकाच बाजूची टोकं 2 मिमीवर पडतात. काठ बांधायला एवढी पुरते. अॅप्लिकच्या (कापडावर दुसऱ्या कापडाचा तुकडा जोडून केलेल्या नक्षीच्या) भरीव पट्टीला 0.5 मिमीच्या आसपास या. वरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) किंचित सैल करा, नाहीतर बॉबिनचा दोरा वर दिसतो. पातळ कापड टाक्याखाली चुरगळून उभं राहत असेल तर खाली पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा.

सुटा काठ बांधताना टाका थेट काठावर घालू नका. अर्धा पाय हवेत राहतो, पकड सुटते, काठ गुंडाळला जातो. काठापासून साधारण 5 मिमी आत शिवा आणि मग टाका न कापता बाहेरचं कापड कात्रीने छाटा. काठ फार स्वच्छ येतो.

होजिअरीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडावर मात्र मी हे वापरायला सांगणार नाही. बॉलपॉइंट (गोल टोकाची) सुई लावली तरी बाजूच्या हिसक्यांनी ते कापड ताणलं जातं, टाके सुटतात. जाड कॅनव्हासही नीट सरकत नाही. सुती, पॉपलिन, लिनन यांवर काम उत्तम होतं.

आणि जुनं अटॅचमेंट अडखळत असेल तर आतलं तेल चिकट झालेलं असतं. रॉकेलने धुवा, पूर्ण वाळू द्या, हलणाऱ्या प्रत्येक सांध्यावर मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि आधी चिंधीवर शिवून जास्तीचं तेल निघू द्या. खडखड आवाज येतच राहील, तो या यंत्राचा नेहमीचाच आहे.