हाताशी हार्डवेअर नसताना ड्रायव्हरमधला पॉवर-अप क्रम कसा तपासावा?

आपला प्रश्न असा आहे की, लिनक्स कर्नलमधल्या एका कॅमेरा सेन्सरच्या ड्रायव्हरचा (सेन्सर चालवणाऱ्या कोडचा) पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, आपल्याकडे रिव्ह्यूसाठी आला आहे, तो सेन्सर आपल्याकडे नाही आणि 'माझ्या बोर्डावर चालते' असे लेखकाचे म्हणणे आहे. मग पॉवर-ऑन फंक्शन, म्हणजे सेन्सरला वीज देऊन तो सुरू करणारा कोड, बरोबर आहे की नाही, हे कशावरून ठरवायचे?

डेटाशीटमधली (सेन्सरच्या तांत्रिक माहितीपत्रकातली) पॉवर-अपची टायमिंग आकृती शेजारी उघडून ठेवावी आणि तिच्यातली प्रत्येक अट कोडमधली नेमकी कोणती ओळ पाळते, हे शोधावे. लेखकाच्या बोर्डावर चालते यावरून फारसे सिद्ध होत नाही. पुष्कळदा तिथले व्होल्टेज बूटलोडरनेच (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) चालू करून ठेवलेले असते, किंवा दुसऱ्या उपकरणाशी सामायिक असल्यामुळे कधी बंदच होत नाही, आणि त्यामुळे क्रम चुकलेला असला तरी चूक झाकलेली राहते.

पहिली शंका रेग्युलेटरविषयी, म्हणजे सेन्सरला ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या घटकांविषयी, घ्यावी. सेन्सरला लागणारे वेगवेगळ्या व्होल्टेजचे पुरवठे एका अ‍ॅरेत योग्य क्रमाने लिहून 'रेग्युलेटर बल्क इनेबल' बोलावले की ते त्याच क्रमाने चालू होतील, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ते फंक्शन सगळे रेग्युलेटर समांतर चालू करते आणि सगळे झाल्यावर परतते; आपसातल्या क्रमाची हमी ते देत नाही. सोनीच्या आयएमएक्स२१९ च्या ड्रायव्हरमध्ये २.८, १.८ आणि १.२ व्होल्टचे पुरवठे असेच एकत्र चालू होतात, पण ते कोणत्याही क्रमाने चालू केले तरी चालतात, अशी टिप्पणी त्या अ‍ॅरेतच लिहिलेली आहे. अशी टिप्पणी नसेल तर ती मागावी, आणि डेटाशीट क्रम सांगत असेल तर प्रत्येक पुरवठा वेगळा चालू करायला सांगावे. व्होल्टेज स्थिर होण्यासाठी लागणारा वेळ हा मात्र रेग्युलेटरचा गुणधर्म आहे; तो डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) रेग्युलेटरच्या नोडवर असावा, सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये नव्हे.

विलंबाच्या आकड्यांवर मी सर्वाधिक वेळ घालवतो. ओम्नीव्हिजनच्या ओव्ही५६७५ सारख्या सेन्सरमध्ये पहिल्या आयटूसी (सेन्सरशी बोलण्याच्या दोन तारांच्या बसवरील) व्यवहाराआधी क्लॉकची ८१९२ आवर्तने जाऊ द्यावी लागतात. क्लॉक २४ मेगाहर्ट्झ असेल तर हा वेळ साधारण ३४१ मायक्रोसेकंद होतो, १९.२ मेगाहर्ट्झ असेल तर ४२७. समजा लेखकाने आपल्या २४ मेगाहर्ट्झच्या बोर्डाकडे पाहून ३५० हा आकडा थेट लिहिला. १९.२ मेगाहर्ट्झच्या दुसऱ्या बोर्डावर तोच ड्रायव्हर सेन्सरशी वेळेआधीच बोलू लागेल आणि चिप आयडी वाचण्यातच कधीतरी अपयशी ठरेल. अशा चुका कधी दिसतात, कधी नाही, म्हणूनच त्या शोधणे फार अवघड जाते. विलंब क्लॉकच्या प्रत्यक्ष वेगावरून काढलेला असावा, आणि तो क्लॉक चालू केल्यानंतरच मोजायला सुरुवात झालेली असावी.

रिसेटच्या बाबतीत जीपीआयओचे (सॉफ्टवेअरने चालू-बंद करायच्या पिनचे) मूल्य तार्किक असते, हे विसरू नये. डिव्हाइस ट्रीमध्ये ती पिन 'अ‍ॅक्टिव्ह लो' लिहिली असेल, तर १ म्हणजे रिसेट लागू आणि पिनवर प्रत्यक्षात शून्य व्होल्ट. ड्रायव्हर आणि बाइंडिंगचे (डिव्हाइस ट्रीमध्ये सेन्सर कसा लिहायचा हे सांगणाऱ्या दस्तऐवजाचे) उदाहरण एकत्र वाचल्याशिवाय यावर मत देऊ नये. पुरवठा येण्यापूर्वी पिनचे व्होल्टेज वाढले, तर तिच्यातून बंद चिपमध्ये विद्युतप्रवाह शिरू शकतो, म्हणून प्रोबमध्ये (ड्रायव्हर उपकरणाशी जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) ती सुरुवातीला कोणत्या स्थितीत मागवली आहे, हेही पाहावे.

चूक झाल्यावर बाहेर पडण्याच्या वाटेत, आधी चालू केलेले सगळे उलट क्रमाने बंद होते ना, हे ओळीने तपासावे. पॉवर-ऑफ फंक्शनसाठी डेटाशीटमध्ये बहुधा वेगळी आकृती असते; ती उघडून पाहावी, 'पॉवर-ऑनच्या उलट' एवढे गृहीत धरू नये.

शेवटी लेखकाकडून एक चाचणी मागावी: रेग्युलेटर 'ऑलवेज ऑन' नसताना आणि पुरवठा खरोखर बंद होत असताना, मॉड्यूल काढून पुन्हा घालणे व रनटाइम सस्पेंड-रिझ्यूम (वापर नसताना सेन्सर बंद करून पुन्हा चालू करणे) अनेकदा करून पाहणे. पुरवठे, क्लॉक आणि रिसेट एकत्र दाखवणारे ऑसिलोस्कोपचे चित्र मिळाले, तर ते डेटाशीटच्या आकृतीशी थेट ताडून पाहता येते.