गावाकडच्या एका कुटुंबातल्या चार वर्षांच्या मुलीची पापणी जन्मापासून खाली पडलेली आहे. शस्त्रक्रियेसाठी त्यांना कशी मदत करू?

आधी एकच गोष्ट बघा: पापणीने बाहुली झाकली जाते का? मुलगी हनुवटी वर करून बघते का? तसं असेल तर थांबू नका. झाकलेल्या डोळ्याची नजर मेंदू शिकतच नाही आणि डोळा आळशी होतो. मग पापणी उचलली तरी नजर कमीच राहते. ‘मोठी झाली की बघू’ हा सल्ला म्हणूनच मला फार घातक वाटतो.

या आजाराला टोसिस म्हणतात. पापणी उचलणारा स्नायू थोडाफार चालत असेल तर तोच आखूड करतात. अगदीच दुबळा असेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला बांधतात. बाहुली मोकळी असेल तर ऑपरेशन साधारण तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान होतं. लहान मुलांना पूर्ण भूल लागते. शक्यतो ऑक्युलोप्लास्टी, म्हणजे पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणारा नेत्रतज्ज्ञ गाठा.

पैशांची सोय झाली की मदत संपली असं समजू नका. बुडणारी मजुरी, प्रवास, घरी राहिलेली भावंडं, यांवरच पुढच्या खेपा अडतात. पहिल्या भेटीला स्वतः सोबत जा. ऑपरेशननंतर झोपेत डोळा किंचित उघडा राहतो, त्यासाठी मलम लागतं. हे आईवडिलांना आधीच सांगा, नाहीतर ते घाबरतात. चष्मा किंवा आळशी डोळा कामाला लागावा म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टीही कदाचित लागेल.

पापणी अचानक पडली असेल किंवा बाहुल्या लहानमोठ्या दिसत असतील, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.