गडगडाट चोरीला जातो तेव्हा

‘डोन्ट स्टील माय थंडर’ (शब्दशः, माझा गडगडाट चोरू नकोस) असं एका वाचकाला सहकाऱ्याने म्हटलं. अर्थ अंदाजाने कळला, पण गडगडाट कुणी चोरतं का, असा प्रश्न आला आहे.

चोरतात. निदान जॉन डेनिस या इंग्रज नाटककाराची तशी खात्री होती. त्याचं ‘ॲपियस अँड व्हर्जिनिया’ 1709 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात आलं. त्यासाठी म्हणे त्याने ढगांच्या गडगडाटाची नवी युक्ती काढली होती. नाटक पडलं. पुढे त्याच नाट्यगृहात ‘मॅकबेथ’ बघताना त्याला आपलाच गडगडाट ऐकू आला आणि तो उसळला: माझं नाटक चालू देत नाहीत, गडगडाट मात्र चोरतात!

किस्सा सहसा असाच सांगतात. पण कवी अलेक्झांडर पोपच्या ‘डन्सियड’ या उपहासकाव्याच्या 1729 च्या आवृत्तीतली तळटीप वेगळं सांगते. डेनिस भडकला तो एका नव्या लेखकाची शोकांतिका बघताना. ‘मॅकबेथ’चं तिथे नावही नाही. त्याच टिपेत मजेदार माहिती आहे: पूर्वी गडगडाट आणि मोहरीची चटणी करायची रीत एकच होती, नंतर गडगडाटासाठी लाकडी पन्हळी आल्या. ती सुधारणा डेनिसची की नाही, हे ठाऊक नसल्याचं टीपच सांगते. पोप आणि डेनिस यांचं हाडवैर होतं, तेव्हा टीपही जरा संशयानेच वाचावी.

आता अर्थ: दुसऱ्याकडे जाणारं लक्ष किंवा त्याच्या बोलण्याचा प्रभाव आपणच आधी पळवणं. ‘श्रेय लाटणे’ हा मराठी पर्याय मला पुरेसा वाटत नाही. त्यात दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणं येतं. इथे तसं काही करावं लागत नाही. ताईच्या साखरपुड्यात धाकट्याने ‘मला अमेरिकेचा व्हिसा मिळाला’ जाहीर केलं, की झालं. सगळे त्याच्याभोवती, ताई अंगठीकडे बघत उभी. वकिलांमध्येही हा वाक्प्रयोग रुळला आहे: आपल्या अशिलाची कमजोर बाजू विरोधकाने उघड करण्याआधी आपणच सांगून टाकायची, म्हणजे त्याच्या गौप्यस्फोटातली हवा जाते.

शब्दशः भाषांतर मात्र नको. मराठीत गडगडाटाला तेवढी पत नाही. ‘गरजेल तो पडेल काय’ म्हणणारे आपण. साखरपुड्यासारख्या प्रसंगी मी ‘धाकटा भाव खाऊन गेला’ म्हणेन. सहकाऱ्याला उत्तर द्यायचं असेल, तर ‘बरं, तूच सांग आधी’ एवढं पुरे.