आधी गॅलरीतली सिगारेट, मग प्लास्टिकचे डबे

पत्र : मावशी, मी नाशिकच्या इंदिरानगरला राहतो, अंबडला कंपनीत नोकरीला आहे. बायकोला पाचवा महिना चालू आहे. बाळासाठी घरात सगळं नैसर्गिक करायचं मी मनावर घेतलंय. प्लास्टिकचे डबे आणि नॉनस्टिक तवे काढून टाकले. भाजी फक्त सेंद्रिय आणतो. फवारणीची भीती म्हणून द्राक्षं बंद केली. लोहाच्या गोळ्यांऐवजी तिने मोबाइलवरून मागवलेला काढा घ्यावा, असं मला वाटतं. बाळाच्या खोलीचा जुना रंग खरवडून नवा द्यायचाय. आई मच्छरांची कॉइल लावते, त्यावरून रोज वाद होतात. मी जेवणानंतर एखादी सिगारेट ओढतो, पण गॅलरीत जाऊन. बायको म्हणते, 'हे घर आहे की प्रयोगशाळा?' काय चुकतंय?

उत्तर : बाळ यायच्या आधीच त्याच्या श्वासाचा विचार करणारा बाप मला फार मोलाचा वाटतो. तुमची तळमळ खरी आहे, फक्त क्रम उलटा लागलाय.

सुरुवात सिगारेटपासून करा. गॅलरीतला धूर दारातून आत येतो, तुमच्या कपड्यांना आणि केसांना चिकटूनही येतो. गरोदर बाईच्या श्वासात तो जात राहिला तर बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. त्यापुढे डाळ भरलेला प्लास्टिकचा डबा काहीच नाही. एकट्याने सुटत नसेल तर तंबाखू सोडण्यासाठी 1800-112-356 ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, तिथे आजच फोन लावा.

दुसरं, गोळ्या बंद करू नका. कळकळीने सांगते. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी देतात, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची, 180 दिवस. बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. त्यामागे आपल्या बायकांचं वर्षानुवर्षं कमी असलेलं हिमोग्लोबिन आहे. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, लिंबू किंवा आवळा चालेल. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. त्या काढ्यात नेमकं काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. वनस्पतींच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही औषधांत शिसं आणि पारा सापडलेला आहे. पुढच्या तपासणीला बाटली सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा. तोवर ती उघडूसुद्धा नका.

रंगाचं मात्र तुम्ही खरोखरच थांबवा. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. भिंतीवरचा रंग त्याआधीचा असेल तर त्यात किती शिसं आहे कोणाला ठाऊक? खरवडताना उडणारी धूळ आई आणि बाळ दोघांनाही घातक. रंग घट्ट बसलेला असेल तर न खरवडता त्यावरच नवा हात मारा. पोपडे सुटलेच असतील तर डोहाळजेवणानंतर ती माहेरी गेली की भिंत ओली करून काम करून घ्या आणि खोली झाडू न मारता ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा.

खाण्यात एवढी ओढाताण नको. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातली मेथी, शेपू, गवार वाहत्या पाण्याखाली नीट धुतली तर पुरते. द्राक्षंही घड सुटे करून धुवा आणि तिला खाऊ द्या. नाशिकला राहून गरोदर बाईची द्राक्षं तोडायची, हे मला पटत नाही! सेंद्रियवर जाणारे जादा पैसे दूध, डाळी आणि नाचणीत घाला. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. प्लास्टिकमध्ये गरम जेवण ठेवू नका, कोरडे जिन्नस राहू द्यात. तवे गेले ते गेले, आता लोखंडी आणा. आणि सकाळी दोघं इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फिरायला जा, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर.

आता आई. कॉइलचा धूर बंद खोलीत वाईट, हे तुमचं बरोबर. पण नाशिकला पावसाळ्यात डेंग्यू पसरतो, म्हणजे डास हाकलण्यात त्याही चूक नाहीत. आधी खिडक्यांना जाळ्या बसवा, मच्छरदाणी आणा, कुलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्याला रिकाम्या करा. मग कॉइल बंद करा म्हणा. जाळीआधी उपदेश केलात तर कोणीही भांडेल.

महिन्याला एकच बदल करा आणि कोणता ते बायकोला ठरवू द्या. तिला कशाचा वास सहन होत नाही, हे कधी विचारलंत का?

आईंच्या जुन्या सुती साड्या काढायला सांगा. लंगोट आणि दुपट्यांना त्या मऊ सुतासारखं दुसरं काही नाही, आणि कोणती साडी फाडायची हे त्यांनाच ठरवू द्या. साध्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवायच्या. रात्री किंवा दवाखान्यात जाताना विकतचा डायपर वापरला तर अपराधी वाटून घेऊ नका. फक्त तो कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळा द्या, ओल्या कचऱ्यात टाकू नका.