‘ऑयस्टरचे जेनेटिक मार्कर’ मराठीत कसे लिहावेत?

प्रश्न असा आला आहे : ऑयस्टरच्या अभ्यासासाठी जेनेटिक मार्कर (जात किंवा नातं ओळखायला उपयोगी पडणारे डीएनएतले तुकडे) ‘डेव्हलप’ करतात, त्याला ‘शिंपल्यांचे जनुकीय चिन्हक विकसित करणे’ म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण नेमकं होणार नाही.

शिंपल्यांत तिसऱ्या आल्या, शिनाणे आले. खडकाला घट्ट चिकटलेलं, फोडून काढावं लागतं ते कालव; ऑयस्टरला कोकणातला हा शब्द तयार आहे. फक्त सामान्यरूप सांभाळा : ‘कालवांच्या’. ‘कालव्यांच्या’ लिहिलंत तर विषय पाटबंधारे खात्याकडे जाईल.

‘जनुकीय’ खटकतं, कारण मार्कर जनुकातच असतो असं नाही. मार्करचा एक प्रकार मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएमधली दोन-चार अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात तो तुकडा, आणि असे तुकडे बहुधा जनुकांच्या बाहेरच सापडतात. म्हणून ‘डीएनए-खूण’ म्हणावं. ‘चिन्हक’ चुकीचा नाही, पण ‘खूण पटणे’ बोलण्यात असताना मला तो परका वाटतो.

‘विकसित करणे’ तर सोडाच. खूण कोणी घडवत नाही, ती डीएनएत असतेच. ती हुडकायची, तिच्या दोन्ही बाजूंना बसणारे प्रायमर (तेवढाच तुकडा उचलून त्याच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे धागे) तयार करायचे आणि मग बऱ्याच कालवांवर ती पारखायची : तुकड्याची लांबी निरनिराळी निघते का, पुढच्या पिढीत मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या हिशेबाने, म्हणजे आईबापांकडून एकेक प्रत अशी, उतरते का? कालवांच्या डीएनएत बारीक फरक फार. एखाद्यात प्रायमर बसायची जागाच बदललेली असते, तिथे तो चिकटत नाही आणि दोनपैकी एक प्रत दिसतच नाही. यालाच ‘नल अलील’ म्हणतात. दोन वेगळ्या प्रतींचं कालव मग एकसारख्या प्रतींचं भासतं आणि आकडेमोड फसते. तेव्हा ‘कालवांच्या डीएनए-खुणा शोधून पारखणे’ असं लिहा.

एवढा खटाटोप करावा लागतो, कारण कालवाचं कवच बसल्या जागेप्रमाणे आकार घेतं. नुसतं बघून जाती वेगळ्या करताना जाणकारही चुकतात. युरोपात ‘पोर्तुगीज’ म्हणून नावाजलेलं कालव मुळात आशियातलं, तैवानकडच्या कालवांचं सोयरं, हे १९९८ साली मायटोकाँड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) डीएनएवरून दिसून आलं. तिथे वापरलेली खूण मात्र खरोखरच एका जनुकातली होती, त्यामुळे तिला ‘जनुकीय’ म्हणायला माझी हरकत नाही.