वाचक विचारतात : टीबीतले ६९ जीबी गेले कुठे?

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून १ टीबीची हार्ड डिस्क आणली. विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसतात. दुकानदाराने फसवलं का? – गिरगाव

नाही. माल पुरता आहे, मापं दोन आहेत. डिस्क बनवणारे टेरा हा शब्द मीटर-किलोग्रॅमच्या पद्धतीने वापरतात : १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, पण पाटी मात्र जीबीचीच लावतं. सगळा घोळ त्या पाटीचा.

ताळा घरीच करून पाहा. ड्राइव्हवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. कपॅसिटीसमोर जीबीच्या आधी बाइटचा लांबलचक आकडा असतो, तो बघा. १ टीबीच्या बहुतेक डिस्कवर ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर (लहान कप्पे) असतात, म्हणजे एकूण १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट. (पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागाचा, आकडा याहून किंचित कमी येईल.) १०२४ने एकदा भागा, ९७,६७,६२,५८४. पुन्हा भागा, ९,५३,८६९. तिसऱ्यांदा भागलं की ९३१ हजर. हीच डिस्क कुणाच्या मॅकला लावली तर पूर्ण १ टीबी दिसेल, कारण ॲपलने २००९पासून हजाराचा हिशेब धरला आहे.

ही तफावत एकेका पायरीला वाढत जाते : किलोला २.४ टक्के, मेगाला जवळपास ५, गिगाला ७च्या वर, टेराला १०च्या आसपास. म्हणून २ टीबीची डिस्क १.८१ दाखवते. १०२४च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं १९९८मध्येच ठरली. लिनक्समध्ये ती दिसतात, विंडोजने मनावर घेतलेली नाहीत.

खरी फसवणूक फुटपाथवरच्या ‘२ टीबी’ पेनड्राइव्हमध्ये असते. त्यातली चिप ८ किंवा १६ जीबीची आणि तिला खोटं बोलायला शिकवलेलं. सुरुवातीच्या फाइल नीट उतरतात, त्यापुढच्यांची नावं तेवढी दिसतात, उघडत नाहीत. अशा वेळी प्रॉपर्टीज बघून काही कळत नाही, कारण खोटा आकडा तिथेही तसाच येतो. पेनड्राइव्ह रिकामा करून ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवा. तो सगळी जागा भरून लिहितो आणि लिहिलेलं परत वाचतो. सेकंदाला १० एमबी वेग धरला तर ६४ जीबी नुसते लिहायलाच पावणेदोन तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा. आणि हे माल परत करायच्या मुदतीत करा.

प्रश्न : किलो, मेगा, गिगा, टेरा, पेटा यांचा क्रम डोक्यात राहत नाही. हे शब्द ग्रीक आहेत असं सर म्हणाले. – दादर

सर बरोबर आहेत, आणि मराठी माणसाला ते पाठ करायची गरजही नाही. किलो आला ‘खिलिओइ’वरून, म्हणजे हजार, आपल्या ‘सहस्र’शी त्याचं दूरचं नातं आहे. मेगा म्हणजे ‘मेगास’, मोठा. हा तर ‘महा’चा सख्खा भाऊबंद. गिगा ‘गिगास’वरून, म्हणजे दैत्य. टेरा ‘तेरास’वरून, म्हणजे अक्राळविक्राळ प्राणी. तेव्हा हजार, महा, दैत्य, अक्राळविक्राळ अशी ही चढण.

पुढे विशेषणं संपली असावीत, कारण १९७५पासून सरळ मोजणी सुरू झाली. टेरा म्हणजे हजाराचा चौथा घात आणि तो शब्द ग्रीक चार, ‘टेट्रा’, यासारखा दिसतो. तोच धागा पकडून पाचव्या घातासाठी ‘पेंटा’तला न गाळून पेटा केला, सहाव्यासाठी ‘हेक्सा’तला ह गाळून एक्झा. १९९१मध्ये सातावरून झेटा आणि आठावरून योटा आले. यांच्या जागी पंच, षट्, सप्त, अष्ट म्हणा. त्या अंकाला तीनने गुणलं की शून्यं मिळतात : पेटा, पंच, १५ शून्यं.

बाइट मात्र ग्रीक नव्हे. तो वेर्नर बुखहोल्झ यांनी १९५६मध्ये आयबीएममध्ये काढला. घास या अर्थाच्या इंग्रजी शब्दात त्यांनी मुद्दाम वाय घातला, नाहीतर लिहिताना चुकून त्याचा ‘बिट’ झाला असता. तरी लोकांचा गोंधळ होतोच : नेटवाल्याचं १०० एमबीपीएस हे लहान बीचं, म्हणजे बिटचं माप. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून आठने भागा, डाउनलोडला सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी.

प्रश्न : ग्रीक मालकाच्या जहाजावर नोकरी आहे. ऑफिसच्या कम्प्युटरवर सगळं ग्रीकमध्ये. पेनड्राइव्ह लावताना भीती वाटते. – वडाळा

भीती योग्य ठिकाणी वाटते आहे. तीन शब्द तेवढे नीट ओळखा, कारण तिन्ही त्रिकोणासारख्या डेल्टापासून सुरू होतात आणि पहिली तीन अक्षरंही तीच, ‘दिआ’. ‘दिआग्राफी’ म्हणजे डिलीट : निवडलेली फाइल जाते. ‘दिआमोर्फोसी’ म्हणजे फॉरमॅट : सगळा ड्राइव्ह जातो. ‘दिआमेरिस्मा’ म्हणजे पार्टिशन. (याच शब्दाचा रोजचा अर्थ फ्लॅट. डिस्कवर पार्टिशन पाडणं ही अथेन्समध्येही जागेचीच भानगड.) उजव्या क्लिकच्या यादीत डेल्टाचा शब्द दिसला की पहिली अक्षरं सोडून चौथं अक्षर वाचा. डिलीटमध्ये तिथे गामा असतो, तो लहान लिपीत इंग्रजी वायसारखा दिसतो; उरलेल्या दोघांत म्यू, शेपटीवाल्या यूसारखा. म्यू दिसला की हात मागे.

सेव्हला ‘अपोथिकेफ्सी’ म्हणतात. ‘अपोथिकी’ म्हणजे गोदाम, त्यामुळे शब्द लक्षात राहील. कॅन्सल म्हणजे ‘आकिरो’. दोन्ही अल्फाने सुरू होतात आणि अर्थ मात्र उलटे, तेव्हा दुसरं अक्षर पाहा : सेव्हला दाराच्या चौकटीसारखं ‘पाय’ हे अक्षर, कॅन्सलला सरळ के. फाइल म्हणजे ‘आर्हिओ’. इंग्रजीतलं आर्काइव्ह इथूनच गेलं. फोल्डर ‘फाकेलोस’. हार्ड डिस्क ‘स्क्लिरोस दिस्कोस’, म्हणजे शब्दशः कडक तबकडी.

पेनड्राइव्ह लावल्यावर फॉरमॅट करू का अशी चौकट आपोआप आली तर आकिरो दाबा आणि तो आधी दुसऱ्या मशीनवर तपासा. बऱ्याचदा ड्राइव्ह न विचारता ओढून काढल्यामुळे फाइलींचा तक्ता बिघडलेला असतो, डेटा आत शाबूत असतो. फॉरमॅट मारला की तो परत मिळवणं अवघड होऊन बसतं.

प्रश्न : फोर्टातल्या जुन्या ऑफिसात १.४४ एमबीच्या फ्लॉपी सापडल्या. हा १.४४ आकडा कुठल्या मापाचा? – परळ

कुठल्याच नाही! फ्लॉपीला दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६०. हजाराने मोजलं तर १.४७ एमबी, १०२४ने मोजलं तर १.४१. कंपन्यांनी एकदा १०२४ने भागून १४४० केबी काढले आणि पुढे हजाराने भागून १.४४ छापले. अर्धं एक माप, अर्धं दुसरं. त्या फ्लॉपी वाचायच्या असतील तर यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो. आधी धातूची झडप सरकवून आतली चकती पाहा. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ड्राइव्हमध्ये घालू नका, वाचणारं हेड खराब होईल आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीही जातील. मुंबईच्या दमट हवेत हे ठिपके दिसतातच.

प्रश्न : पेनड्राइव्हवर २० जीबी मोकळे आहेत, पण ५ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ जात नाही. – घाटकोपर

ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीत, आहे. त्यात एका फाइलचा आकार लिहायला ३२ बिट असतात, म्हणून ४ जीबीला एक बाइट कमी ही एका फाइलची कमाल मर्यादा. मोकळी जागा कितीही असो. आतला डेटा आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मग उजवी क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिममध्ये एक्सफॅट, आणि क्विक फॉरमॅटची खूण राहू द्या. मात्र तो व्हिडिओ टीव्हीवर लावायचा असेल तर आधी टीव्हीच्या पुस्तिकेत एक्सफॅट चालतं का ते पाहा. जुने टीव्ही ते ओळखत नाहीत. अशा वेळी ड्राइव्ह फॅट३२च ठेवून व्हिडिओचे ४ जीबीच्या आतले दोन तुकडे करा.